शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा

सांगलीच्या हळद बाजारातील माझे एक स्नेही गेल्या हिवाळ्यात सात वर्षांचा घोडा घरी घेऊन आले. शर्यतीत धावलेला, उंच, देखणा. किंमत मात्र अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी. नातीला घोडेस्वारीची हौस. पहिला आठवडा सुरळीत गेला. दुसऱ्या आठवड्यात घोड्याने पाठ कमानीसारखी करून मागचे पाय झाडले आणि मुलगी खाली आली. तिसऱ्या आठवड्यात तो असा उधळला, की उसाच्या बैलगाडीजवळ जाऊन कसाबसा थांबला. घरात एकच सूर निघाला : जनावर खोडकर आहे, येईल त्या किमतीला काढून टाका. अशा रीतीने काढलेले जनावर पुढे कोणाच्या हाती जाते, हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. स्नेह्यांना झोप लागेना, म्हणून त्यांनी मला दूरध्वनी केला.

सातारा जिल्ह्यात नोकरीस असताना पाचगणीच्या टेबललँडवर पर्यटकांना घोड्यावरून फिरवणाऱ्या काहींची कर्जखाती माझ्याकडे होती. त्यांतील एका वृद्ध गृहस्थाने मला सांगितले होते, की शर्यतीचा घोडा उधळतो तेव्हा तो आज्ञा मोडत नसतो. जुनी आज्ञा पाळत असतो.

याचा अर्थ समजून घेण्याजोगा आहे. मुंबईच्या महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर धावणारे थरोब्रेड घोडे वयाच्या दुसऱ्या वर्षापासूनच शर्यतीत उतरू लागतात. दिवसाचा बहुतेक काळ तबेल्यात, पहाटे दौड आणि आहारात धान्याचा भर, असा त्यांचा क्रम असतो. जॉकी आखूड रिकिबीत उभा राहून पुढे झुकतो. त्याने लगाम ताणून धरला, की घोडा त्या ताणावर भार देऊन अधिक जोराने धावतो. नवा स्वार घाबरून दोन्ही लगाम घट्ट ओढतो. त्याला वाटते, आपण थांबायला सांगितले. घोडा समजतो, धावायला सांगितले.

बँकेत खाते थकले, की जप्तीपूर्वी आम्ही थकण्याचे कारण पाहत असू. येथेही तेच करावे, असे मी सुचवले. पशुवैद्यांकडून पाठ, दात आणि खूर तपासून घेतले. शर्यतीच्या घोड्यांत जठराचे व्रणही पुष्कळ आढळतात, त्यांचीही शंका निवारून घेतली. दोष सापडला तो खोगिरात. थरोब्रेडच्या मानेमागचा उंचवटा मोठा असतो. खोगीर तेथे रुतत होते. शिवाय काम अर्ध्या तासाचे आणि धान्य मात्र शर्यतीच्या काळातले! धान्य दोन आठवड्यांत हळूहळू उतरवले आणि वाळलेले गवत वाढवले. साडेचारशे किलोच्या घोड्याला ते रोज सात ते नऊ किलो लागते.

दोन महिने कोणीही वर बसले नाही. घोडा दिवसभर कुंपणाच्या आवारात मोकळा राहिला. मग जाणत्या शिक्षकाने त्याला लांब दोरीवर गोल फिरवून आवाजाची आज्ञा शिकवली. जुने स्वार यालाच काव्यावर धरणे म्हणत. पुढे संथ चालीत एकच लगाम हलकेच घेऊन मान वळवायची, घोडा थांबताच तत्काळ ढील द्यायची, असा पाठ रोज झाला. ओढ म्हणजे धाव, हा जुना धडा अशानेच पुसला जातो. सोबतीला एक शांत, वयस्क घोडा असे.

स्वारासाठी दोन गोष्टी. पाय झाडण्यापूर्वी घोडा मान खाली घालतो. तेव्हा मान वर ठेवावी, मागे रेलून बसावे आणि त्याला पुढे चालते ठेवावे. उधळला, तर लगाम सतत ओढून न धरता घ्यावा, सोडावा, पुन्हा घ्यावा. जागा मोकळी असेल, तर मोठे वर्तुळ घेऊन ते हळूहळू लहान करावे. एकदम वळवल्यास घोडा स्वारासकट कोसळतो. शिरस्त्राणाशिवाय तर रिकिबीत पाय ठेवूच नये.

उत्तराध्ययन सूत्रातील केशी-गौतम संवादात उधळणाऱ्या घोड्याला ज्ञानाचा लगाम सांगितला आहे. तेथील घोडा म्हणजे मन. परंतु खऱ्या घोड्यालाही तोच लगाम मानवतो.

आज पाच महिन्यांनी नात कुंपणाच्या आत शिक्षकासमवेत दुडक्या चालीपर्यंत आली आहे. उसाच्या रस्त्यावर नाही. कदाचित कधीच नाही. स्नेह्यांनी तेही मान्य केले आहे.

असा घोडा घेऊ इच्छिणाऱ्यांना एवढेच सांगणे, की खरेदीची किंमत हा सर्वांत लहान खर्च होय. शर्यत काही वर्षांत संपते. आयुष्य पंचविशीपर्यंत जाऊ शकते. चारा, मोतद्दार, शिक्षक आणि पशुवैद्य यांची एका वर्षाची तरतूद आधी बाजूला काढावी. आणि घोडा स्वारीला कधीच योग्य झाला नाही, तरी त्याचा चारा चालू राहील, हे घरातील सर्वांनी व्यवहारापूर्वीच ठरवावे. ते ठरत नसेल, तर व्यवहार करू नये.