दस्तक दाखवा!

मैत्रिणींनो, पावसाची सुट्टी जाहीर होते ती नेमकी डबे भरून झाल्यावर, हा तुमचाही अनुभव असेल. जुलैतल्या त्या शनिवारी तसंच झालं. पोळी-भाजी डब्यात गेली, धाकटीच्या वेण्या झाल्या, माझी शाळेची पिशवी दाराशी आली आणि मोबाईलवर निरोप : अतिवृष्टीमुळे शाळा बंद. ह्यांच्या कचेरीला शनिवारची सुट्टी असतेच. म्हणजे आम्ही पाचही जण दिवसभर घरात, आणि बाहेर आमचा अलिबागचा पाऊस!

बैठकीच्या खोलीत दोन दोऱ्या बांधून पंख्याखाली चादरी वाळत टाकल्या होत्या. थोरल्याने त्या पाहिल्या आणि ओरडला, "ही तर शिडं!" झालं. दिवाणाचं गलबत झालं. सिनेमातले चाचे पाहिलेले, तेव्हा एका डोळ्यावर काळी पट्टी हवीच. मोडक्या छत्रीचं कापड मी जपून ठेवलं होतं, ते कामी आलं. (छत्री मोडली तरी कापड टाकू नका, पिशवीला आतून लावायला फार छान.) मिशा काजळाच्या. एक सांगून ठेवते, या मिशा एकदम साबणाने घासू नका, गालभर पसरतात. आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवून मऊ फडक्याने पुसा, मग साबण. डोलकाठी म्हणून केरसुणी उभी करायला निघाले, तेव्हा मात्र सासूबाई कडाडल्या, "अरे, लक्ष्मी आहे ती! ठेव खाली!"

मग जपाची माळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "आणि आंग्र्यांच्या गावात राहून चाचे कसले होता? आरमार व्हा."

"पण आजी, इंग्रज कान्होजींना चाचेच म्हणायचे," थोरला म्हणाला.

मी कांदा चिरत होते, तो तसाच ठेवून बाहेर आले. शाळेत हा भाग मी घाईत उरकते, तास संपत आलेला असतो. घरी कुठला तास संपतोय? सांगितलं, कान्होजी हे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. आपल्या किनाऱ्यावरून समोर दिसतो तो कुलाबा किल्ला त्यांचं ठाणं. या पाण्यातून माल न्यायचा तर त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचं. नसलं तर जहाज धरलं जाई. मुंबईच्या इंग्रजांना ते पटत नव्हतं, म्हणून त्यांच्या कागदांत सरखेल ते चाचे ठरले. वास्तविक पोर्तुगीज कितीतरी आधीपासून याच समुद्रात स्वतःचा परवाना घ्यायला लावत होते. कार्ताझ म्हणत त्याला. त्यांना मात्र राज्यकर्ते म्हणायचं! १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले, तरी किल्ला काही त्यांना घेता आला नाही. कान्होजी १७२९ मध्ये गेले, तोवर त्यांचा दरारा तसाच होता. आज मुंबईत आपल्या नौदलाच्या तळाला आंग्र्यांचं नाव आहे, हेही सांगितलं.

धाकटीने विचार करून म्हटलं, "म्हणजे ज्याचा समुद्र, त्याला विचारूनच जायचं?"

तिथून खेळ बदलला. मिशा राहिल्या, पण चाचे गेले आणि आरमार आलं. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांमधलं दार ही खाडी. जाणाऱ्या-येणाऱ्याने दस्तक दाखवायचं, नाहीतर जकात द्यायची, शेंगदाण्याचा अर्धा लाडू. धाकटी कारकून. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ती कोण गेलं, काय माल नेला, ते लिहीत होती. दहाला सुरुवात झाली.

पहिल्या चार-पाच खेपांना मला गंमत वाटली. नंतर कुकर शिट्ट्या देतोय, हातात गरम आमटीचं पातेलं, आणि समोर काठी आडवी! "दस्तक?" "अरे, भाजेल!" "जकात?" लाडवांचा डबा दुपारपर्यंत अर्धा झाला. हे आतून पेपरमागून हसत होते. सासूबाईंनी तर कधीच दस्तक काढून कनवटीला लावलं होतं.

इथे एक घरातली गोष्ट सांगते. त्याच्या आठवडाभर आधी, रात्री गुडघ्याला तेल लावत बसले होते, तेव्हा हे सहज म्हणाले होते, "अर्ध्या दिवसाची तर शाळा तुझी. बाकी घरातच असतेस, एवढं थकायला काय होतं?" वाईट हेतू नव्हता. माणूस वाईट नाही हो. पण ते वाक्य माझ्या मनातून जात नव्हतं, आणि त्याला उत्तर काय द्यावं तेही सुचलं नव्हतं. कामं मोजून दाखवायला बसलं की ती किती फुटकळ वाटतात! पाणी दिलं, बशी उचलली, चादर उलटवली. कोण ऐकून घेणार?

जेवणं झाल्यावर धाकटीने सरखेलांपुढे हिशेब वाचला. "बाबा, चार खेपा. माल : मोबाईल, पेपर. दोन वेळा माल नाही. आजी, नऊ खेपा. माल : फुलं, औषध, माळ. आई..." इथे ती थांबली, बोट ठेवून पुन्हा मोजलं. "आई, एकावन्न खेपा. माल खूप आहे, पुढे जागा पुरली नाही."

सगळे हसले. मीही हसले. ह्यांनी कागद मागून घेतला आणि चष्मा लावून वाचत बसले. चहा, पाणी, ओले टॉवेल, रिकामे कप, पातेलं, पोळ्या, आजीचं गरम पाणी, पुन्हा कप.

"हे दिवसभराचं आहे?"

"नाही बाबा, दहा ते एक. मग आम्ही जेवायला बसलो."

"आणि आई वाढत होती, ते मोजलंच नाही," थोरला म्हणाला. त्याला त्यात आपल्या कारकुनाची चूक दिसत होती, बाकी काही नाही.

हे काही बोलले नाहीत. कागदाची घडी घालून पेपरात ठेवली. मी भांडी आवरून जरा पाठ टेकली. पाऊस थांबायचं नाव नव्हतं.

चारच्या सुमाराला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. आल्याची किसणी कुठे आहे म्हणून एकदा हाक आली, मी पडल्या पडल्याच सांगितलं. थोड्या वेळाने दारात काठी आडवी झाली.

"दस्तक?"

"नाही रे. तीन कप आहेत, सांडतील."

"मग जकात."

"लाडू आईला विचारून देतो. आता सोड."

धाकटीने पेन्सिल थुंकीने ओली करून लिहिलं : बाबा, पाच. माल : चहा.

आलं जरा जास्तच पडलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि दोघींनी कप संपवला.