तोफेचे पोट कोणी वाचायचे?

१/ दौलताबादच्या मेंढा तोफेपाशी छायाचित्रे निघतात ती दोनच गोष्टींची: मागच्या टोकाचे मेंढ्याचे मुख आणि अंगावरचा फारसी मजकूर. औरंगजेबाचे नाव सापडले, घडवणारा मुहम्मद हुसैन अरब सापडला, की इतिहास संपला. नळीत टॉर्च मारून पाहणारा विरळा.

२/ जे पाहतात, त्यांतले काही लगेच निकाल देतात: आतून खडबडीत, म्हणजे काम हलके. जुन्या रिव्हॉल्व्हरांबद्दलही हेच बोलले जाते. बाहेर निळसर झळाळी, आत कटरच्या रेघा, म्हणून कारागीर कच्चा. हा तर्क टिकत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या ०.३८ वेब्ली रिव्हॉल्व्हरांवर 'वॉर फिनिश' असा शिक्काच आढळतो. सैन्याला हत्यारे तातडीने हवी होती, म्हणून पॉलिशचा वेळ वाचवला. रेघा त्या घाईच्या आहेत, अडाणीपणाच्या नव्हेत.

३/ तोफेत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. जुनी पितळी किंवा काशाची तोफ मातीच्या गाभ्याभोवती पोकळ ओतली जाई. ओतताना गाभा जरा सरकला, तरी नळी मध्यापासून ढळे आणि एका बाजूची भिंत पातळ राही. भरीव तोफ ओतून ती आडवी फिरवत नळी कोरण्याची पद्धत स्वित्झर्लंडच्या जाँ मारित्झने अठराव्या शतकात रुजवली. १७७० मध्ये फेरब्रुगन पितापुत्रांनी ती इंग्लंडमधल्या वुलिच येथे नेली.

म्हणून नळीत गोल कड्या दिसताच 'युरोपीय बनावट' म्हणून मोकळे होणारेही चुकतात. पोकळ ओतलेली नळीसुद्धा नंतर कटरने साफ होई. भिंतीची जाडी चारही बाजूंनी मोजल्याशिवाय काहीच ठरत नाही. (लोखंडी पट्ट्या जोडून, वर कडी चढवून केलेल्या तोफांची गोष्ट निराळी, तिथे आतले सांधेच बोलतात.)

४/ आणि हा पुरावा पुसला जातो तो बहुधा किल्लेप्रेमातून. तारेचा ब्रश, ग्राइंडर, वर काळा ऑइल पेंट. त्याला 'संवर्धन' हे नाव. एकदा घासलेली रेघ परत येत नाही. संरक्षित स्मारकाला इजा करणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. हेतू चांगला होता, हे उत्तर तिथे अपुरे पडते.

५/ वाळूज-चिकलठाण्याचा अनुभवी टर्नर बोअरमधली रेघ पाहून कटर बोथट होता की जॉब हलला, याचा अंदाज बांधू शकतो. तोफांची नोंद करायला निघालेल्या गटाने फारसी वाचणाऱ्यासोबत त्यालाही न्यावे. ब्रश घरी ठेवावा.