तोटा कोणाचा?

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता हिंगोलीहून पुण्याला पुतण्याकडे गेलो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट. उरलेले सरकार भरते. त्यामुळे सौ.चा तोरा असा, की जणू मीच तिच्या खर्चाने निघालो आहे!

पुतण्या घरातली दुसरी स्कूटर घेण्याच्या बेतात होता, सूनबाईंच्या कचेरीसाठी. मी म्हटले, “बस आहे ना?”

“आहे काका, पण दोनदा बदलावी लागते.”

मध्यवस्तीतल्या खाजगी गाड्या कमी व्हाव्यात म्हणून पुण्यात २०२१ साली ‘पुण्यदशम’ बस निघाली. तेव्हा दहा रुपयांत दिवसभर हिंडता येई! शहर बससेवेची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६० आणि ४० टक्क्यांच्या वाट्याने सोसतात. तिला सारे ‘तोटा’ म्हणतात. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल, उभारून वीस वर्षेही झाली नव्हती, तो २०२० साली पाडला. त्या पैशाला मात्र तोटा म्हणताना मी कोणाला ऐकले नाही. अहो, एकाने गाडी घरी ठेवली तर तेवढा रस्ता मोकळा होतो; बसची तूट ही त्या रस्त्याचीच किंमत नव्हे काय?

माझे व्याख्यान सूनबाईंनी शांतपणे ऐकले. म्हणाल्या, “घरावरून सरळ बस काढा काका, स्कूटर नको मला.”

पुतण्याने संध्याकाळी स्कूटरचा इसार दिला.