पाट शाळेत, आपण घरी

आमच्या डिचोलीत चवथ अजून दूर असतानाच घरोघरचे पाट गणपतीच्या शाळेत पोचतात. पाटावर घराचं नाव आणि मूर्तीची उंची. पाट ठेवून कुणी तिथे बसून राहत नाही, आपापल्या कामाला लागतं. आयफोनचं ॲप लिहायला शिकणाऱ्या मुलांना क्लोजर सांगताना मी हाच पाट पुढे करते.

क्लोजर म्हणजे पुढे कधीतरी चालवायला दुसऱ्याच्या हाती दिलेलं काम. ते निघताना भोवतालच्या गोष्टी बरोबर घेऊन जातं. मागितलेलं झाल्यावर चालवायचं क्लोजर, तोच कम्प्लीशन हँडलर.

मुलं सर्व्हरकडे यादी मागतात आणि लगेच खालच्या ओळीत ती मोजतात. उत्तर शून्य! नेट ठीक, सर्व्हर ठीक. पाट देऊन पायरी उतरायच्या आत मूर्ती मागितली, दुसरं काय? मोजणी हँडलरच्या आत हवी. फंक्शन संपल्यावरही असं टिकणारं क्लोजर घ्यायचं, तर २०१६च्या स्विफ्ट ३पासून तिथे ‘एस्केपिंग’ असं लिहावं लागतं.

पाटावर ‘दीड फूट’ लिहिलं की नंतर घरात मत बदललं तरी मूर्ती दीड फुटाचीच. ही कॅप्चर लिस्ट. ‘उंची घरी विचारा’ लिहिलं तर त्या वेळी जे ठरलेलं असेल ते. काही सांगितलं नाही तर स्विफ्ट हे दुसरं करते, म्हणून बदलणारा व्हेरिएबल आत वापरताना जपून.

माझा खरा आग्रह वेगळाच आहे. हँडलर प्रत्येक वाटेवर बोलावला गेला पाहिजे, आणि एकदाच. मूर्तीला तडा गेला आणि तसा निरोप वेळेत आला तर दुसरी सोय होते. निरोपच नाही आला तर चवथीच्या सकाळी पाट रिकामा. एरर दिसताच नुसतं ‘रिटर्न’ लिहून बाहेर पडणारा कोड हेच करतो. स्क्रीनवर चक्र फिरत राहतं, वापरणाऱ्याला ना यश कळतं ना अपयश.

२०२१च्या स्विफ्ट ५.५मध्ये असिंक-अवेट आलं. तिथे उत्तर किंवा एरर दिल्याशिवाय कंपायलर फंक्शन संपवू देत नाही. नवं लिहाल ते तसंच लिहा. पण नोकरीत हाती येणारा कोड बहुधा जुना असेल. तो उघडलात की आधी शोधा, कुठल्या वाटेवर हँडलर गप्प बसतोय.