परसातले टमाटे आणि राज्यकर्त्यांची जबाबदारी

जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचा किरकोळ भाव अनेक शहरांत किलोला २०० रुपयांपर्यंत चढला, तेव्हा उत्तर प्रदेशातील एका राज्यमंत्र्यांनी जनतेला उपदेश केला की, टोमॅटो महाग वाटत असतील तर ते घरी लावावेत, नाहीतर खाणेच सोडावे. मग भाव आपोआप उतरतील. या उपदेशाची पुष्कळ थट्टा झाली. परंतु थट्टेवारी सोडून द्यावा इतका तो निरुपद्रवी नाही. बाजारातील प्रश्न उचलून गृहिणीच्या परसात नेऊन ठेवण्याची ही वृत्ती कोणा एका पक्षाची मक्तेदारी नव्हे. म्हणून तिचा हिशेब मांडला पाहिजे.

प्रथम साधे अंकगणित. रोप लावल्यापासून फळ हाती येईपर्यंत दोन ते अडीच महिने जातात. जुलैचा भाव पाहून लावलेले झाड सप्टेंबरात फळ देणार. आणि त्या सप्टेंबरात काय घडले? महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या पदरात किलोमागे तीन ते पाच रुपये पडू लागले आणि अनेकांनी माल रस्त्यावर ओतला. त्याच वर्षीच्या मे महिन्यातही हीच गत झाली होती. भाव चढला की सारे एकदम लागवड करतात, सर्वांचे पीक एकदम येते, भाव कोसळतो, लागवड घटते आणि भाव पुन्हा भडकतो. अर्थशास्त्रज्ञ या चक्राला कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात. आजवर या जाळ्यात शेतकरी अडकत होता; आता ग्राहकालाही तेथे येण्याचे आमंत्रण आहे.

पण याहून मोठा प्रश्न असा की, घरी लावा म्हणजे कोणाच्या घरी? परळी तालुक्यातील सिरसाळा आणि आसपासची खेडी डोळ्यांपुढे आणावीत. पाण्याअभावी २०१५ साली परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावे लागले. पुढल्याच वर्षी शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. जेथे वीजकेंद्राला पाणी नाही, तेथे हंड्याच्या पाण्यावर जगणाऱ्या बाईने कुंडीतल्या रोपाला रोज दोन तांबे कोठून घालावेत? त्यातही आमच्या भागात टमाटे चांगले पिकतात ते हिवाळ्यात. नेमक्या याच दिवसांत ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे मुकादमाची उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात फडावर असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लागते, ते उन्हाळ्याच्या तोंडी उघडते. परसबागेचा उपदेश या कुलपाला करावयाचा काय?

याचा अर्थ परसबाग वाईट, असा मुळीच नाही. न्हाणीच्या पाण्यावर अळू, शेवगा, दोडक्याचा वेल वाढवण्याची आपली रीत जुनी आणि शहाणपणाची आहे. चार रोपे नीट जगली तर हंगामात आठदहा किलो ताजी फळे घरात येतात, मुलांच्या ताटात रंग येतो. ज्याला जागा व पाणी आहे त्याने अवश्य लावावे. आक्षेप आहे तो परसबागेला धोरणाच्या जागी बसवण्याला.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळल्यावर क्यूबात इंधन, खत व अन्नाचा तुटवडा निर्माण झाला. हवाना शहरात त्या काळी भाजीचे मळे उभे राहिले, ते केवळ उपदेशाने नव्हे. शासनाने पडीक जमीन विनामूल्य कसावयास दिली, बियाणे दिले, मार्गदर्शक नेमले. आपल्याकडे केरळच्या डाव्या सरकारने १ नोव्हेंबर २०२० पासून टोमॅटोसह १६ फळे-भाज्यांना उत्पादनखर्चाहून २० टक्के अधिक अशी आधारभूत किंमत लागू केली. शासनाच्या मनात आले तर काय होऊ शकते, याची ही दोन उदाहरणे.

केंद्र सरकारने २०१८च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा व बटाटा यांच्या भावस्थैर्यासाठी ५०० कोटींची योजना जाहीर केली. पाच वर्षांनी काय दिसले, ते वर सांगितलेच आहे. शहरी ग्राहक ओरडू लागताच सवलतीच्या दराने विक्री सुरू झाली, नेपाळातून आयातही झाली. शेतकरी माल ओतत होता तेव्हा त्या तत्परतेच्या निम्मीही दिसली नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. नाशवंत मालाला किमान किंमत, तालुक्याच्या ठिकाणी शीतगृह व प्रक्रियाकेंद्र, आणि ज्यांना परस नाही अशा भूमिहीनांसाठी गावठाणात पाण्यासह सामुदायिक मळा. फडावर गेलेल्यांच्या मागे म्हातारी माणसे व लेकरे उरतात. हा मळा पहिल्यांदा त्यांच्यासाठी असावा आणि त्याची राखण ग्रामपंचायतीने करावी. हे केल्यावर राज्यकर्त्यांनी खुशाल सांगावे की, घरी टमाटे लावा. लोक आनंदाने लावतील. तोवर तो उपदेश म्हणजे स्वतःची जबाबदारी दुसऱ्याच्या परसात पुरण्याचाच प्रकार होय.