चालतंय की!

सातारा-सांगलीकडे कुठल्याही यंत्राची तब्येत विचारा, उत्तर एकच. "चालतंय की!" मग ती मोटरसायकल असो, विहिरीवरची मोटर असो नाहीतर कॉम्प्युटर. एरवी मला हे उत्तर फार आवडतं. पण ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरच्या बाबतीत ते अजिबात मान्य नाही, आणि आज त्यावरच भांडायचंय.

हा प्रकार माहीत नसलेल्या मावश्या-काकांसाठी: कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा, याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर अनेकांकडे ४५० वर पळायचा, आणि फुकटच्या वेगाची चटक बऱ्याच जणांना तिथेच लागली. पण वेग वाढवायला बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि उष्णता वाढते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने. १.२ चं १.३५ केलंत की नुसत्या तेवढ्याने सव्वापट!

आता आमची भावंडं. एक साताऱ्यात, एक सांगलीत, दोघंही याच नादातले. मशीन चालू झालं, विंडोज दिसली, अर्धा तास गेम खेळून झाला, की झालं ‘स्टेबल’. अरे, ही काय परीक्षा झाली? मे महिन्यात आयर्विन पुलाखालची कृष्णा बघून कुणी म्हणतं का, सांगलीला पूर येत नाही? २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. साताऱ्यात डिसेंबरच्या रात्री जमलेलं सेटिंग सांगलीच्या मेमधल्या दुपारी तसंच चालेल, हे कुणी सांगितलं? खोली २० अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो, आणि तापलेल्या चिपला तोच वेग झेपेलच असं नाही.

खरी परीक्षा घेणारी साधनं फुकट मिळतात. प्राइम९५ घ्या. त्याचं मूळ काम मर्सेन मूळ संख्या शोधण्याचं. त्याची टॉर्चर टेस्ट प्रोसेसरला अशी गणितं घालते, ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत. उत्तर चुकलं की लगेच बोंब मारते. स्मॉल एफएफटी प्रोसेसरला भाजून काढते, ब्लेंड मेमरीलाही धारेवर धरते.

यावर भावाचं म्हणणं, "रोजच्या वापरात एवढा ताण येतोच कुठे?" मुद्दा नुसत्या ताणाचा नाही, चूक पकडण्याचा आहे. गेममध्ये एखादा ठिपका चुकला तर कुणाला कळतं? पण त्याच मशीनवर हळदीच्या अडतीचा हिशोब आहे, पोरांचे बारशापासूनचे फोटो आहेत. मशीन गोठलं तर निदान कळतं तरी. न गोठता चुकीचं लिहिलं, की तीच चूक बॅकअपमध्येही निमूट जाऊन बसते. गूगल आणि फेसबुकच्या इंजिनिअरांनी २०२१ मध्ये आपापल्या डेटा सेंटरमधल्या अशाच गुपचूप चुकणाऱ्या प्रोसेसरांबद्दल लिहिलं. तेही ओव्हरक्लॉक न केलेले, बरं का!

आणि एकदा पास म्हणजे जन्माचा पास नव्हे. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर कंपनीच्याच सेटिंगवर महिनोन्‌महिने नीट चालून मग डळमळू लागले. जास्तीचं व्होल्टेज त्यांना झिजवत होतं. २०२४ मध्ये कंपनीला दुरुस्ती द्यावी लागली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

हौस करू नका असं मी म्हणत नाही. जरूर करा. पण चाचणी उन्हाळ्यात घ्या, रात्रभर घ्या, दुपारीही घ्या, आणि अधूनमधून पुन्हा घ्या. नापास झालं तर शंभर मेगाहर्ट्झ खाली या, त्यात कसला आलाय कमीपणा? आणि दुकानाच्या हिशोबाचं मशीन कंपनीच्या वेगावरच राहू द्या.

सांगलीकर दादा, वाचतोयस ना? फोटोंची एक प्रत आधी दुसरीकडे काढून ठेव. मग भांडू.