आठवण किती आधी हवी?

मैत्रिणींनो, १९७३ साली 'कालनिर्णय' निघालं आणि बघता बघता घरोघरच्या भिंतीवर चढलं. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, बाळाची लस, भिशीचा दिवस, सगळं आपण त्याच्या चौकटींत पेन्सिलीनं लिहीत आलो. आता हीच कामं फोनमधल्या कॅलेंडरात लिहायची सोय आहे, आणि पुष्कळजणी लिहितातही. पण तक्रार एकच ऐकू येते, "अहो, फोन आठवण करतो खरा, पण वेळ टळून गेल्यावर!"

यात फोन बिघडलेला नसतो, बरं का. आपण कामाचं नाव आणि वेळ घातली की बाकीचं कॅलेंडर स्वतःच्या मनानं भरतं. काम किती वेळाचं, आठवण किती आधी, हे त्यात अगोदरच ठरवून ठेवलेलं असतं. गूगलच्या कॅलेंडरात काम एक तासाचं धरलेलं असतं आणि आठवण साधारण अर्धा तास आधी येते. कचेऱ्यांतून वापरतात त्या आउटलुकमध्ये तर पंधराच मिनिटं आधी. हा हिशेब टेबलाशी बसलेल्या माणसाचा आहे. त्याला उठून शेजारच्या खोलीत बैठकीला जायचं असतं, त्याला पंधरा मिनिटं रगड. आपल्याला कुकर उतरवायचा, धाकट्याला शेजारी सोडायचं, फाइल शोधायची आणि सासूबाईंना रिक्षात बसवायचं, हे अर्ध्या तासात कसं जमावं?

आता सासूबाईंच्या रक्ताचंच घ्या. साखर तपासायची आहे, सकाळी साडेसातला बोलावलंय. उपाशीपोटीच्या तपासणीला निदान आठ तास आधीपासून पाण्याशिवाय काही पोटात जाता कामा नये. फोन सात वाजता टिंग करणार, आणि सासूबाईंचा चहा-बिस्किट सहालाच झालेला! मग एक तर फेरी फुकट. नाहीतर 'एवढ्याशा चहानं काय होतंय' म्हणून तसंच रक्त दिलं, तर आकडा वाढलेला येतो, आणि तो खरा समजून डॉक्टर गोळ्या वाढवायच्या. मधुमेहाच्या माणसाला नको असताना वाढवलेली गोळी म्हणजे साखर एकदम उतरण्याची भीती. एवढं सगळं त्या अर्ध्या तासापायी. शिवाय खाऊन झाल्यावर दोन तासांनी दुसरं रक्त द्यायचं असतं, म्हणजे हे काम एक तासाचं नव्हेच. कॅलेंडर मात्र साडेआठला तुम्हाला मोकळी दाखवतं.

तेव्हा आधी हे ठरलेलं बदलून घ्या. फोनवर गूगलचं कॅलेंडर उघडा, डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा दाबा, खाली 'सेटिंग्ज' सापडेल. तिथे आपल्या नावाच्या खात्याखाली 'इव्हेंट्स' म्हणून आहे, त्यात ठरलेली आठवण दिसते. ती पुसून आपल्याला हवी ती घालायची. एकाहून जास्त आठवणीही ठेवता येतात. मी स्वतः दोन ठेवल्या आहेत, एक दिवस आधी आणि एक तास आधी. चार-चार ठेवू नका. दिवसभर फोन वाजत राहिला की घरातलं कुणी, अगदी आपणसुद्धा, त्याकडे लक्ष देत नाही.

इथे एक खोच आहे. वेळ घातलेल्या कामाची आठवण त्या वेळेपासून मागे मोजली जाते. 'बारा तास आधी' असं सगळ्यांना लावलंत, तर दुपारी चारच्या पालकसभेसाठी फोन पहाटे चारला वाजेल! आणि 'एक दिवस आधी' लावलंत तर साडेसातच्या रक्तासाठी तो आदल्या सकाळी साडेसातला सांगेल, जे रात्री जेवताना कुणाच्या ध्यानात राहणार? म्हणून रक्ताच्या नोंदीपुरती बारा तास आधीची आठवण वेगळी घालायची, म्हणजे आदल्या संध्याकाळी साडेसातला येईल. वेळ नसलेल्या, पूर्ण दिवसाच्या नोंदींचं तसं नाही. त्यांच्या आठवणीला घड्याळातली वेळ देता येते. मुलांची फी, विम्याचा हप्ता, विजेचं बिल या गोष्टी मी पूर्ण दिवसाच्या म्हणूनच लिहिते, आणि आठवण आदल्या दिवशी रात्री आठला ठेवते. त्या वेळी सगळे घरी असतात.

ठरलेली आठवण बदललीत की गूगलमध्ये जुन्या नोंदींनाही नवा नियम लागतो, ज्यांची आठवण तुम्ही हातानं बदललेली असेल त्या सोडून. आउटलुकमध्ये मात्र पूर्वीच्या नोंदी पूर्वीसारख्याच राहतात, नव्यांपासून फरक पडतो. कामाची ठरलेली लांबीही सेटिंग्जमध्येच बदलता येते. रंग वगैरे सावकाश बघा, त्यावाचून काही अडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. पुष्कळजणी कॅलेंडर यजमानांबरोबर वाटून घेतात आणि निर्धास्त होतात. पण वाटल्या जातात त्या नोंदी, आठवणी नव्हेत. त्या ज्याच्या त्याच्या असतात. तुमच्या फोनवर आदल्या रात्री आठला वाजेल, त्यांचा फोन गप्प. मग आपण म्हणतो, यांना सांगूनही लक्षात राहत नाही, आणि ते म्हणतात, मला कळलंच नव्हतं. दोघंही खरं बोलत असतात! त्यासाठी त्यांच्या फोनवर, त्यांच्या खात्यात, त्या कॅलेंडरची आठवण वेगळी लावावी लागते. पाच मिनिटांचं काम आहे. रविवारी चहाच्या वेळी त्यांनाच ते करायला सांगा, तुम्ही करून देऊ नका. शाळेतून अर्धवेळ नोकरी करून घर सांभाळणाऱ्या मला विचाराल, तर सगळ्या घराची स्मरणशक्ती एकाच बाईच्या डोक्यात असणं हे काही ठीक नाही. ती तापानं झोपली की घर आंधळं.

तिथीचं मात्र फोनला जमत नाही. श्राद्ध किंवा तिथीनं येणारा वाढदिवस 'दरवर्षी' म्हणून लावलात, तर पुढच्या वर्षी तो चुकीच्या दिवशी येईल. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी इंग्रजी तारखेच्या मागे सरकते आणि अधिक मास आला की पुढे जाते. अशा नोंदी, नवं 'कालनिर्णय' घरात आलं की, शेजारी घेऊन एका बैठकीत त्या वर्षापुरत्या लिहून टाकाव्यात. आमच्याकडे अशा अकरा निघाल्या, अर्धा तास पुरला.